दोन्ही बाजूंचे शिपाई

कुठल्याही पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या की रंगारी मॅडम आधी त्याचे पाय बघायच्या. चेहऱ्याची पाळी नंतर. नागपुरात पुतळ्यांना तोटा नाही, आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या महाल भागातून किंवा सीताबर्डीवरून निघाल्या की प्रत्येक चौकात एक शेरा ठरलेला. "याच्या पायात वजनच नाई पाहा. हवेत उभा हाये बिचारा." सिग्नल सुटायचा, मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायचा, आणि मॅडम मान वळवून त्यालाच दटावायच्या, "थांब ना गा. पाय पाहून राहिलो आम्ही."

सुलोचना रंगारी आमच्या कलामहाविद्यालयात शिल्पकला शिकवायच्या. मी कलेचा इतिहास शिकवायचो, अजून शिकवतो. त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. आडनाव रंगारी असूनही रंगाला त्यांनी कधी हात लावला नाही. "रंगानं खोटी सावली काढता येते," म्हणायच्या, "मातीले सावली स्वतःची असते." बुटक्या, रुंद हाडाच्या, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. नखांतली माती लग्नाकार्यालाही निघालेली मी पाहिली नाही.

बोलणं वर्गात, बाजारात, बैठकीत सगळीकडे एकच, अस्सल नागपुरी. बाहेरून आलेल्या एका प्राचार्यांना ते खटकलं. भर बैठकीत ते म्हणाले, "मॅडम, निदान इथे तरी प्रमाण भाषेत बोलाल का?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, मले प्रमाण शिल्पात लागते. भाषेत काहून पाहिजे?" त्यानंतर प्राचार्य त्यांच्याशी फार जपून बोलू लागले.

त्यांच्या शिकवण्याची एक गोष्ट अजून कॉलेजात सांगतात. मुलांना शिपाई करायला दिला होता. उन्हाळा लागलेला. सगळ्या मुलांनी कॅलेंडरावरचा शिपाई केला. फुगलेली छाती, ताणलेली मान, हातात तलवार. मॅडमनी फेरी मारली. मग प्रत्येकाच्या खांद्यावर ओल्या मातीचं एकेक पोतं दिलं आणि वर्ग मैदानात नेऊन उभा केला. दुपारचं ऊन. थोड्याच वेळात एकाचा खांदा कलला, दुसरीचे गुडघे वाकले, कुणाची मान लोंबू लागली. "आता एकमेकायकडे पाहा," मॅडम म्हणाल्या. "शिपाई असा दिसते. तो बरेच दिवस चालून आला हाये, जेवला नाई, अन् लढाई अजून व्हायचीच हाये. आत या, पाणी प्या, अन् हा करा." पोतं त्यांच्याही खांद्यावर होतं. सगळ्यांच्या शेवटी त्यांनीच ते उतरवलं.

माझ्या तासाला त्या कधीमधी मागच्या बाकावर येऊन बसायच्या. एकदा मी युद्धस्मारकांवर बोलत होतो. यादवी झालेल्या देशांत, जिथे माणसं आपल्याच माणसांविरुद्ध लढली, तिथे स्मारकांची फार पंचाईत होते, असा माझा मुद्दा होता. मी अमेरिकेतलं उदाहरण दिलं. तिथल्या यादवी युद्धानंतर दोन्ही बाजूंच्या गावांनी चौकाचौकांत शिपायांचे पुतळे उभारले. पुष्कळदा पुतळे करणारा कारखाना एकच असायचा, साचाही जवळजवळ एकच. मिशी तीच, बंदूक धरायची ढब तीच. फार तर कंबरपट्ट्यावरची अक्षरं आणि टोपी बदलायची. मुलं हसली. मागून मॅडमचा आवाज आला, "म्हणजे साच्याले माहीत होतं. लोकायले माहीत नव्हतं."

मी पुढची चित्रं दाखवली. मोठ्या लढायांची मोठी चित्रं, उधळलेले घोडे, धूर, मधोमध सेनापती. मागून मॅडमनी हात वर केला. "सर, हारलेले कुठे हायेत यात?" मी चित्राच्या तळाकडे बोट दाखवलं. तिथे घोड्यांच्या टापांखाली काही पाठी आणि हात दिसत होते. "चेहरे?" मॅडमनी विचारलं. चेहरे नव्हते. त्या तासानंतर माझं ते व्याख्यान मला पूर्वीसारखं कधी देता आलं नाही.

शिपायाच्या पायांचं त्यांना एवढं का, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. मॅडमच्या आईवडिलांनी छप्पन साली इथंच दीक्षा घेतली होती. वडील गिरणीत कामाला. थोरला भाऊ श्रावण फौजेत गेला आणि लढाईवरून आला तो एक पाय गुडघ्याखाली गमावून. वस्तीला त्याचा अभिमान होता. व्यायामशाळेच्या भिंतीवर त्याचं मोठं चित्र काढायचं ठरलं. चित्रकाराने मागे बर्फाचे डोंगर काढले, पुढे श्रावणदादा, हातात बंदूक, पायात चकाकते बूट. दोन्ही पायांत. उद्घाटनाला पाहुणे आले, हार झाले. पाहुण्यांनी पडदा बाजूला केला तशी चौदा वर्षांची सुलोचना बायकांतून उठून ओरडली, "माह्या दादाले एकच पाय हाये!"

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. बाबानं घरी नेऊन बदडलं." त्या चहा ढवळत होत्या. "मी दादाले विचारलं, तुले दोन पाय काहून काढले रे? तर म्हणे, लोकायले पाहाले बरं वाटते. तोवर दादा घराच्या बाहेर निघत नव्हता, सर. कोणी पाहू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी कुबड्या घेतल्या अन् चौकात जाऊन बसला. म्हणे, आता माहीत पडलंच हाये सगळ्यायले."

एवढं सांगून त्यांनी चहा संपवला आणि वर्गावर गेल्या. या विषयावर त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर मॅडमनी हिंगण्याच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड घेतली आणि पूर्णवेळ काम सुरू केलं. साचे काढायला, ओतकाम करायला रज्जाक मिस्त्री होते, मॅडमच्याच वयाचे, अबोल आणि भारी हाताचे. तिथेच एका सकाळी उमरडोहची माणसं आली.

उमरडोह हे नरखेड तालुक्यातलं गाव. संत्र्याच्या बागा, थोडा कापूस. जुन्या राजवटीत नागपूरच्या गादीवरून दोन सख्खे भाऊ एकमेकांवर चालून गेले, आणि त्यातली एक चकमक आपल्या शिवारात झाली असं गाव मानतं. मी पुस्तकं चाळली, मला या गावाचं नाव कुठे सापडलं नाही. पण गावात त्या भांडणाचा निकाल अजून लागलेला नाही. वरच्या मोहल्ल्यातले लोक म्हणतात, आमचे पूर्वज जिंकलेल्या भावाकडून लढले. खालच्या मोहल्ल्यातले हरलेल्याकडचे. दोन्ही मोहल्ल्यांत सोयरीक होत नाही, पोळ्याला बैल उभे करायची तोरणंही दोन लागतात.

आता स्मारक व्हायचं होतं. समितीचे अध्यक्ष बाबाराव, माजी सरपंच, वरच्या मोहल्ल्यातले. उंचेपुरे, भरघोस मिशांचे, बोलायला मोकळे. त्यांनी मॅडमचं एका शाळेतलं काम पाहिलं होतं. भिंतीएवढं उठावशिल्प हवं होतं, सपाटीवर उठून दिसणाऱ्या आकृत्यांचं, लढाईचं. "जिवंत वाटलं पाहिजे," एवढंच ते तेव्हा म्हणाले.

मॅडमनी मला बरोबर घेतलं. एसटीतून उतरून आम्ही शिवारात गेलो. जिथे लढाई झाली म्हणतात ते शेत खालच्या मोहल्ल्यातल्या अंजनाबाईंचं. सत्तरीच्या बाई, एकट्या, हातात विळा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोन वीरगळ शेजारी शेजारी उभे होते. लढाईत पडलेल्यांसाठी पूर्वी असे कोरीव दगड उभारत. खालच्या थरात लढाई, मधल्या थरात पडलेल्या वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर देवापाशी बसलेला तो. इथे शेंदराची इतकी पुटं चढली होती की कोरीवकाम जवळजवळ बुजलं होतं.

"हे कोण हायेत?" मॅडमनी विचारलं.

"बुवा हायेत," अंजनाबाई म्हणाल्या. "लढाईत पडले."

"कोणाच्या बाजूचे?"

"ते काई सांगत नाईत, बाई." अंजनाबाई हसल्या. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निवद दाखवतो. दोघायलेही तेवढाच. माही सासू दाखवत होती, तिची सासू दाखवत होती."

मॅडम खाली बसल्या आणि डोळे मिटून अंगठ्याने दगड चाचपू लागल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "सर, हात लावा. खालच्या थरात दोन माणसं हायेत. एक मारते, एक मरते. दोघं एकाच उंचीचे. कोरणाऱ्यानं शत्रूले लहान नाई केलं."

त्यानंतर त्या उमरडोहला वरचेवर जाऊ लागल्या. पानठेल्याजवळ, पाराजवळ, विहिरीवर बसायच्या आणि दोन्ही मोहल्ल्यांतल्या माणसांची रेखाटनं करायच्या. हनुवट्या, कान, भेगाळलेल्या टाचा. लोकांनाही गंमत वाटायची. शेडमध्ये मातीचं शिल्प वाढत गेलं. पुरुषभर उंच, आणि लांबीला आख्खी भिंत. मी अधूनमधून जाऊन बघायचो.

मॅडमनी लढाई केलीच नव्हती. त्यांनी लढाई संपल्यानंतरची वेळ केली होती. एक शिपाई दुसऱ्याला ओंजळीने पाणी पाजतोय. एक जण खाली वाकून आपला जोडा शोधतोय. एक नुसता बसलाय, हात मांडीवर ठेवून. दोघं पडलेत, एकाचा हात दुसऱ्याच्या छातीवर, तो मारायला उचललेला होता की धरायला, कळत नाही. एक मोकळा घोडा मान खाली घालून ओढ्याचं पाणी पितोय. मागून गावातल्या बाया मडकी घेऊन येताहेत. कोण कुणाच्या बाजूचा, हे कुठेही दाखवलेलं नव्हतं. मी ते बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "पगड्या सारख्या, बोली सारखी. जोडेही एकाच बाजारातून घेतलेले. फरक दाखवू कुठून?"

बाबाराव पाचसहा जणांना घेऊन बघायला आले तेव्हा मी तिथे होतो. त्यांनी शिल्पासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. शेड तापली होती. रज्जाकभाई ओली गोणपाटं बाजूला धरून उभे होते.

"मॅडम," बाबाराव शेवटी म्हणाले, "यात जिंकलं कोण?"

"तुम्ही सांगा."

"राजे कुठी हायेत?"

"आपल्या तंबूत असतील. जेवत असतील."

समितीतला एक जण मोबाईल पुढे करून म्हणाला, "मॅडम, मधात घोडा पाहिजे, पुढचे दोन पाय वर. दोन पाय वर म्हणजे वीर लढाईत गेला, एक वर म्हणजे जखमेनं गेला, चारही खाली म्हणजे घरी मेला. सगळ्या जगात असंच असते."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "सर, खरं हाये का हे?"

मी म्हणालो, असा काही नियम नाही, लोकांनी नंतर जोडलेली गोष्ट आहे. दोन पाय वर घेतलेला घोडा मागच्या दोन पायांवर तोल धरत नाही, म्हणून कारागीर बरेचदा शेपूट जमिनीला टेकवून आधार देतात.

"म्हणजे मरण शेपटीवर ठरते," मॅडम म्हणाल्या. रज्जाकभाई गोणपाटामागे हसले.

बाबारावांना हसू आलं नाही. ते जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "हे पाहा मॅडम, तुमची कला आम्हाले मान्य हाये. पण खालच्या मोहल्ल्याकडच्या शिपायायले येगळी पगडी द्या. अन् चेहरे जरासे... तुमाले समजते."

"नाई समजत. बोला."

"दुश्मनासारखे."

"चेहरे मी तुमच्या गावातूनच आणले, बाबाराव. दुश्मन मले तिथं दिसला नाई. दिसला असता तर केला असता." मग त्यांनी पडलेल्या दोघांतल्या एकाकडे बोट दाखवलं. "हा ओळखा बरं."

बाबाराव वाकले. तीच रुंद हनुवटी, तीच मिशी. त्यांचा हात नकळत स्वतःच्या मिशीवर गेला. "हा... मी?"

"हाव. मिशी मेलेल्या माणसाले फार शोभते."

कुणीतरी खोकलं. बाबारावांचा चेहरा लाल झाला. "आमाले असं अभद्र काम नाई पाहिजे," ते म्हणाले. "आमी दुसरीकडून करून घेऊ."

"घ्या ना," मॅडम म्हणाल्या. "हे मात्र मी पुरं करीन. कोणाले पाहिजे म्हणून नाई. झालं पाहिजे म्हणून."

समिती गेली. मी मॅडमना म्हणालो, मिशीचं निदान बोलायला नको होतं. त्या म्हणाल्या, "खोटं बोलली का मी?" आणि पाण्याची पिचकारी उचलून शिल्पावर फवारा मारायला लागल्या.

मातीचं शिल्प सतत ओलं ठेवावं लागतं, नाहीतर तडकतं. आमच्याकडच्या मे महिन्यात तर गोणपाटं सारखी भिजवावी लागतात. एका लग्नासाठी मॅडम बाहेरगावी गेल्या, रज्जाकभाई दोन वेळा पाणी मारून कुलूप लावून गेले. दुसऱ्या दिवशी ते आले तर कुलूप तुटलेलं होतं आणि गोणपाटं बाहेर रस्त्याच्या कडेला पडलेली. वरून पत्र्याची आग. शिल्पाला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगा गेल्या होत्या. शिपायांची डोकी गळून खाली पडली होती. घोड्याची मान तुटली होती.

मी पोहोचलो तेव्हा मॅडम आलेल्या होत्या. रज्जाकभाई पायरीवर बसून रडत होते. "बाई, सब गया," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मॅडमनी एक डोकं उचललं, हातात फिरवून पाहिलं, आणि पाण्याच्या टाक्यात टाकलं. मग दुसरं. "माती कुठी जाते, रज्जाकभाई?" त्या म्हणाल्या. "तीच हाये. भिजू घाला."

मी म्हणालो, पोलिसांत चला. "जाऊ ना," त्या म्हणाल्या, "आधी पाणी." संध्याकाळी आम्ही तक्रार दिली. कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी बाबारावांचं नाव घेतलं तर मॅडमनी मला अडवलं. "पाहिलं का तुम्ही? नाई ना? मंग पगडी नका बदलू त्यायची."

ते शिल्प त्यांनी पुन्हा केलं. पहिल्यापासून. पावसाळाभर काम चाललं. उजवा खांदा दुखायला लागला होता, हात डोक्याच्या वर जात नव्हता. वरच्या भागासाठी त्या टेबलावर चढायच्या, म्हणजे हात वर न्यावा लागू नये. मी म्हणालो, एवढी घाई कुणासाठी? त्या म्हणाल्या, "ज्यानं गोणपाटं काढली त्याच्यासाठी. त्याले पाहाले मिळालं पाहिजे."

दुसऱ्या वेळचे शिपाई वेगळे होते. तरुण होते, काही तर आमच्या वर्गातल्या पोरांएवढे. मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "पयल्यांदा मी समितीशी भांडत होती, सर. या बारीले नाई." पडलेल्या शिपायाची मिशी तेवढी तशीच होती.

दरम्यान उमरडोहच्या एसटी थांब्याजवळ फायबरचा पुतळा आला. जिंकलेला भाऊ घोड्यावर, पुढचे दोन्ही पाय वर, तलवार आभाळात. मंडप पडला, डीजे वाजला. त्या दिवशी खालच्या मोहल्ल्यातली सगळी दारं बंद होती, असं अंजनाबाईंनी फोनवर सांगितलं. त्याच फोनवर त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं ते माह्या धुऱ्यावर आणा. बुवायच्या बाजूले जागा हाये."

रज्जाकभाईंनी साचा काढून सिमेंटमध्ये ओतकाम केलं, तुकड्यातुकड्यांत. टेम्पोने ते उमरडोहला गेलं. ना मंडप, ना पाहुणे. बसवायला रज्जाकभाईंची माणसं, गवंडी, आणि अंजनाबाईंचं चहाचं मोठं पातेलं. पण बातमी पसरलीच. आधी खालच्या मोहल्ल्यातली माणसं आली, मग वरच्यातली दोनचार, मग बाया. बाया सगळ्यात पुढे जाऊन मडकी घेतलेल्या बायांचे चेहरे बघत होत्या. "अगं, ही तं आपली शांता वं!" एक ओरडली, आणि हशा पिकला.

वरच्या मोहल्ल्यातल्या एका पोरानं मॅडमना विचारलं, "आमच्याकडचे कोणते यात?"

"शोध."

तो पोरगा शोधू लागला. खालच्या मोहल्ल्यातलाही एक जण शोधू लागला. दोघंही एकाच शिपायासमोर, जोडा शोधणाऱ्यासमोर, येऊन थांबले आणि दोघांनी एकदमच तो आपला म्हटलं. वाद होतो की काय असं मला वाटलं. पहिल्यानं दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग शिपायाकडे, आणि म्हणाला, "नाक तुयावालं हाये लेका."

बाबाराव आले नाहीत. पण रस्त्यावर त्यांची मोटरसायकल उभी होती, इंजिन बंद, आणि ते तिच्यावर बसून होते. धुऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. गेलेही नाहीत. मॅडमनी चहाचा एक ग्लास भरून त्यांच्याकडे पाठवला. तो रिकामा होऊन परत आला.

गोष्ट इथे संपली असती तर मला आवडलं असतं. पुढच्या पोळ्याला म्हणे दोन्ही मोहल्ल्यांतल्या बायांनी वीरगळांपाशी एकत्र निवद दाखवला. तोरणं मात्र दोनच लागली.

मॅडमचा खांदा बिघडत गेला. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी उजव्या हाताने काही उचलायचं नाही असं बजावलं. मी भेटायला गेलो तर त्या डाव्या हाताने उशीखालच्या प्लॅस्टिसिनचं, म्हणजे न वाळणाऱ्या तेलकट मातीचं, काहीतरी करत होत्या. नर्सचे पाय होते, सपातांसकट. "डावा हात निर्बुद्ध हाये," म्हणाल्या, "पण शिकून राहिला."

त्या घरी परतल्या आणि काही दिवसांनी अंजनाबाईंचा फोन आला. कुणीतरी शिल्पावर सोनेरी ऑइल पेंट मारला होता. सगळ्या शिपायांना नाही. अर्ध्यांच्याच पगड्या आणि तलवारी सोनेरी केल्या होत्या, बाकीचे तसेच ठेवले होते. म्हणजे आता दोन बाजू झाल्या होत्या. आणि पडलेल्या दोघांतला मिशीवाला सोनेरी होता, दुसरा नव्हता.

पुढे जे झालं ते मी नंतर ऐकलं. मॅडम आठवडाभर अंजनाबाईंच्या घरी राहिल्या. डाव्या हाताने त्यांनी रंग खरवडायला घेतला. पहिल्या दिवशी एकट्या, दुसऱ्या दिवशी अंजनाबाई, मग शांता, मग वरच्या मोहल्ल्यातल्या बाया खुरपी आणि तारेच्या घासण्या घेऊन आल्या. सिमेंटच्या बारीक फटींतून रंग पुरता निघाला नाही. पुरुषमाणसं रस्त्यावरून बघत होती. बाबारावांची बायको दोन दिवस आली आणि तिने मिशीवाल्याचा चेहरा स्वतः साफ केला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ते दिवस संपवून मॅडम नागपूरला आल्या आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात, एका सकाळी, झोपेतच गेल्या. त्या परतायच्या आधीच मी मुलीकडे पुण्याला गेलो होतो, आणि तेव्हाही तिथेच होतो. म्हणून मॅडम मला शेवटच्या दिसल्या त्या बसस्थानकावरच, त्या उमरडोहला रंग काढायला निघाल्या त्या दिवशी.

मी त्यांना अडवून पाहिलं होतं. म्हणालो, मॅडम, टाके ओले आहेत. रज्जाकभाईंना पाठवू, नाहीतर मी जातो. त्या म्हणाल्या, "तुम्ही इतिहासवाले. कुठला रंग जुना, कुठला नवा, हेच पाहात बसाल." गळ्यातल्या पट्टीत उजवा हात, डाव्या हातात पत्र्याचा डबा. डब्यात पटाशा, तारेचे ब्रश, एक लहान हातोडी. नरखेडची गाडी फलाटावर लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, "आजी, हे काय सामान?"

"हत्यारं हायेत," मॅडम म्हणाल्या. "अन् आजी कोणाले म्हणतं?"

कंडक्टरने निमूट डबा आत घेतला. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या, डाव्या हाताने काच सरकवता येईना तशी कोपराने ढकलली. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. म्हणालो, त्यांनी पुन्हा रंगवलं तर?

"तर पुन्हा जाईन."

"आणि पुन्हा?"

"सर, गाडी निघून राहिली. मांगे सरका."

गाडी हलली. त्यांनी डावा हात खिडकीबाहेर काढून मला हलवून दाखवला. कंडक्टर आतून ओरडला, "हात आत घ्या हो, बाई!" गाडी फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला वळली, रिक्षांच्या आणि सिटीबसच्या गर्दीत शिरली. दिसेनाशी होईपर्यंत तो हात बाहेरच होता.